धरणात पाणी किती ते कळलं. कसं आहे ते कधी कळणार?

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या दोन्ही तालुक्यांत एकच चर्चा सुरू होते. डिंभ्यात किती टीएमसी राहिलं, माणिकडोहात किती, येडगावातून आवर्तन कधी सुटणार, खालच्या भागाला किती जाणार आणि आपल्या वाट्याला काय उरणार? पारावर, सोसायटीत, मंचरच्या आणि नारायणगावच्या बाजारात कांदा-टोमॅटोच्या भावाखालोखाल हाच विषय. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवाज चढतात, निवेदनं दिली जातात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पाचही धरणांची टक्केवारी छापून येते. डिंभे-माणिकडोह बोगद्याचा विषय निघाला की तर बोलायलाच नको.

हे सगळं रास्त आहे. पाणी हक्काचं आहे आणि हक्कासाठी भांडावंच लागतं. पण शेतकरी बंधूंनो, एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. तुम्ही सकाळी डेअरीवर दूध घालता, तेव्हा तिथे नुसतं लिटरवर काम भागतं का? फॅट लागते, एसएनएफ लागतं, मग भाव ठरतो. दुधाच्या किटलीत काय आहे हे आपण दिवसातून दोनदा तपासून घेतो. आणि ज्या पाण्यावर जुन्नर, आंबेगावपासून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत सात तालुके जगतात, त्या पाण्याचं मात्र नुसतं माप घेतो. त्याची फॅट कोणी लावत नाही!

या लेखात तेवढंच म्हणायचं आहे. आपल्या धरणांतलं पाणी वरपासून तळापर्यंत एकसारखं नसतं. त्याचे थर पडतात. प्रत्येक थरातली रसायनं वेगळी, जीवजंतू वेगळे. कोणत्या थरातलं पाणी कालव्यात येतंय यावर आपलं ठिबक, आपली नळयोजना आणि जलाशयातली मासेमारी अवलंबून असते. म्हणून धरणाच्या पाण्याची खोलीनुसार तपासणी झाली पाहिजे आणि तिचे आकडे टक्केवारीच्या शेजारी छापले गेले पाहिजेत.

पाण्याला थर कसे पडतात?

ज्यांनी चैत्र-वैशाखात भरल्या विहिरीत उड्या मारल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. वरचं हात-दीड हात पाणी कोमट, पण खाली सूर मारला की पाय गारठतात. विहिरीत जे होतं तेच धरणात मोठ्या प्रमाणावर होतं. ऊन वरच्या पाण्याला तापवतं. तापलेलं पाणी हलकं होतं आणि वरच तरंगत राहतं. खालचं पाणी थंड आणि जड. वारा वरवरचं पाणी ढवळतो, पण हलकं पाणी खाली ढकलायला त्याचा जोर पुरत नाही. दोहोंच्या मध्ये एक पट्टा असा तयार होतो की तिथे थोड्या खोलीतच तापमान झपकन उतरतं. हा पट्टा म्हणजे जणू झाकण. झाकणाच्या वरचं पाणी वर, खालचं खाली.

कोणी म्हणेल, थंड देशातल्या तळ्यांत होत असेल, आपल्याकडे तर सगळंच पाणी गरम. इथेच गंमत आहे. पाणी जितकं गरम, तितका एका अंशाचा फरकही जास्त मोजला जातो. लिटरभर मापातलं पाणी ५ अंशांवरून १० अंशांवर गेलं तर वजनात जेमतेम पाव ग्रॅमचा फरक पडतो. तेच २५ वरून ३० वर गेलं तर १.४ ग्रॅमचा, म्हणजे पाचपट. त्यामुळे आपल्यासारख्या उष्ण मुलखात वरच्या आणि खालच्या पाण्यात चार-पाच अंशांचा फरक पडला तरी झाकण पक्कं बसायला पुरतो.

हे झाकण साधारण फेब्रुवारीअखेरपासून बसायला लागतं आणि मे महिन्यापर्यंत घट्ट होतं. पावसाळ्यात नदीचं गार, गढूळ पाणी जोरात आत घुसतं आणि थरांची मोडतोड करतं. पुढे मार्गशीर्ष-पौषात रात्री कडक थंडी पडली की वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं वर येतं आणि सगळं धरण पालटून एकजीव होतं. वर्षाचा हा फेरा उष्ण प्रदेशातल्या खोल जलाशयांत असाच चालतो. वडज, येडगावसारख्या कमी खोलीच्या धरणांत वारा बऱ्याचदा खालपर्यंत पोहोचतो, तिथे थर टिकत नाहीत. डिंभ्याची भिंत मात्र सुमारे ६७ मीटर उंच आहे, माणिकडोहची ५० मीटरच्या पुढे. एवढ्या खोल पाण्यात भर उन्हाळ्यात तळाला काय चाललंय हे काठावर उभं राहून कसं कळणार? पाचही धरणं एकाच कुकडी प्रकल्पाची, पण त्यांचा स्वभाव एक नाही. एकाच्या पाण्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

झाकणाखाली कोणाचं राज्य?

पाण्यात प्राणवायू येतो तो दोन वाटांनी. एक हवेतून आणि दुसरी शेवाळासारख्या बारीक वनस्पतींकडून, त्यांना ऊन लागतं. दोन्ही वाटा वरच्या थराला मिळतात. ३० अंशांच्या पाण्यात फार तर लिटरला सात-साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. झाकण बसलं की खालच्या थराला हा पुरवठा बंद. जुन्या शिलकीवरच दिवस काढायचे.

आणि तळाशी खाणारी तोंडं किती! वरून मेलेलं शेवाळ पडतं, पावसात वाहून आलेला पालापाचोळा, शेणखत, माती बसलेली असते. धरण भरताना झाडंझुडपं, शेतं, घरंदारं पाण्याखाली जातात. ज्या आंबेगावच्या नावानं आपला तालुका ओळखला जातो, ते जुनं गावसुद्धा डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. या सगळ्या सेंद्रिय मालावर कोट्यवधी जिवाणू जगतात. ते माल कुजवतात आणि प्राणवायू संपवतात.

प्राणवायू संपल्यावर जिवाणू मरत नाहीत, हे या शास्त्राचं मर्म आहे. एका टोळीचं काम थांबतं आणि दुसरी टोळी पुढे येते. पहिली टोळी प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वास घेते, म्हणजे आपल्या रानातून वाहून आलेल्या युरियाचाच एक अवतार वापरते. ते संपलं की मँगनीज आणि लोह वापरणारे जिवाणू येतात. गाळात गंजासारखं घट्ट बसलेलं लोह आणि मँगनीज त्यांच्यामुळे पाण्यात विरघळतं. आपल्या सह्याद्रीची माती काळ्या दगडापासून झालेली, माथ्यावर तांबडी. लोहाला तोटा नाही. त्यानंतर सल्फेट वापरणारे येतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. सगळ्यात शेवटी मिथेन तयार करणारे.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या भातखाचराकडे बघा. चिखलणी करून पाणी साठलं की आठ-पंधरा दिवसांत खालचा चिखल काळा पडतो. पाय रुतवला की बुडबुडे येतात आणि वास सुटतो. हीच ती टोळ्यांची रांग. आणि तिची शेवटची टोळी तर अनेकांनी परसातच पाळली आहे. गोबरगॅसच्या टाकीत हवा बंद करून आपण दुसरं काय करतो? तिथे मिथेन हवा म्हणून जिवाणूंना शेण घालतो. धरणाच्या तळाला हेच काम आपोआप चालतं.

बरं, हे जिवाणू शत्रू आहेत असंही नाही. खालून निघालेला मिथेन वर येताना त्याच्यावर जगणारे दुसरे जिवाणू त्याला गाठतात आणि बराचसा खाऊन टाकतात. भातखाचरांतल्या अशा मिथेन खाणाऱ्या जिवाणूंवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत काम झालं आहे. थोडक्यात, पाण्याच्या प्रत्येक थरात एक वेगळं गाव वसलेलं असतं. वरच्या गावाचा कचरा खालच्या गावाचं अन्न आणि खालच्याचा कचरा वरच्याचं. हा व्यवहार समजून घेणं म्हणजेच सरोवरशास्त्र.

यात एक गोष्ट खास शेतकऱ्यानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्राणवायू असतो तोवर गाळातलं लोह स्फुरदाला धरून ठेवतं. गाळ म्हणजे बँकच म्हणा, ठेव आत राहते. प्राणवायू संपला, लोह विरघळलं, की स्फुरदही मोकळं होऊन पाण्यात उतरतं. थंडीत पाणी पालटलं की हे खत वर येतं आणि शेवाळाला मेजवानी मिळते. शेवाळ वाढतं, मरतं, तळाला बसतं आणि पुढच्या उन्हाळ्यात प्राणवायू आणखी लवकर संपतो. एकदा हा फेरा सुरू झाला की वरून खत वाहून येणं कमी झालं तरी तो लगेच थांबत नाही. गाळातली जुनी ठेव पुरून उरते.

आपल्या ठिबकाशी आणि नळाशी काय संबंध?

संबंध आहे आणि थेट आहे. पाटबंधाऱ्याच्या धरणातलं पाणी बहुतेक वेळा वरून सोडत नाहीत. कालव्याचं आणि नदीचं दार पाण्याच्या पातळीच्या बरंच खाली असतं, कारण धरण उतरल्यावरही पाणी काढता आलं पाहिजे. बांधकामाच्या दृष्टीनं ते बरोबरच. पण त्याचा अर्थ असा की मार्च-एप्रिलच्या आवर्तनात झाकणाच्या वरचं पाणी येतंय की खालचं, हे दाराची पातळी आणि त्या दिवशीचा थर यावर ठरतं.

खालचं पाणी आलं तर काय होईल? ते बाहेर पडताना चुळकाभर घेऊन बघितलं तर काचेसारखं स्वच्छ दिसतं, कारण लोह विरघळलेलं असतं. हवा लागली की तासाभरात, काही वेळा दिवसभरात, तेच लोह तांबूस होऊन खाली बसू लागतं. ते पाणी ठिबकाच्या नळीत गेलं तर तांबडा, बुळबुळीत थर धरतो. लोहावर जगणारे जिवाणू तिथे घर करतात आणि तोट्या बंद पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या सिंचन पुस्तिकेत याचं माप दिलेलं आहे. लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत लोह असेल तर ठिबकाला त्रास नाही, १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तोट्या बुजण्याचा धोका मोठा. मँगनीजला हीच मापं लावली आहेत. पाटपाण्यानं भिजवणाऱ्याला या लोहानं फारसा त्रास होत नाही, उलट तळच्या पाण्यातून थोडं नत्र-स्फुरद फुकट मिळतं. पण आज कांद्यापासून द्राक्षापर्यंत किती रान ठिबकावर आलं आहे ते तुम्हीच मोजा.

ज्यांच्या फिल्टरमध्ये तांबडा गाळ साचतो त्यांनी पाणी थेट पंपातून नळीत न नेता आधी शेततळ्यात किंवा टाकीत उंचावरून पडू द्यावं. हवा लागून लोह तळाला बसतं, मग वाळूच्या फिल्टरमधून घ्यावं. नळ्या धुताना आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. एक धुलाई आज, दुसरी नंतर, मध्ये नळी साध्या पाण्यानं खळाळून घ्या.

आता नळयोजनेचं. ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी इकडे लक्ष द्यावं. जलाशयातून किंवा धरणाच्या लगेच खालच्या बंधाऱ्यातून उपसा करणाऱ्या योजनेत उन्हाळ्यात कधीकधी असं घडू शकतं: जलसुरक्षक ठरल्याप्रमाणे टीसीएल टाकतो, तरी नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्टला पिवळा रंग येत नाही. मग बोलणी खातो तो जलसुरक्षक. पण विरघळलेलं लोह, मँगनीज, सल्फाइड आणि अमोनिया हे चौघेही क्लोरीन खाऊन टाकतात. जंतू मारायला काही उरतच नाही. अशा वेळी पावडर कमी पडते आहे की पाणी बदललं आहे, हे आधी बघायला नको का? भांड्यांवर आणि टाकीच्या भिंतींवर काळपट डाग दिसू लागले तर ते बहुधा मँगनीजचे असतात आणि ते साध्या हवा लागण्यानं लवकर जात नाहीत.

यासाठी लागणारी हत्यारं गावात आधीच आली आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या पेटीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. त्या पेटीत लोहाची चाचणी असते. जंतूंसाठी एक छोटी बाटली असते, तिच्यातलं पाणी काळं झालं की पाणी पिण्यास अयोग्य. ती बाटली काळी का होते? आतले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि तो लोहाशी मिळून काळा पडतो. धरणाच्या तळाला, भाताच्या चिखलात जी क्रिया होते तीच या बोटभर बाटलीत होते. आपल्या आयाबहिणी रोज जी चाचणी करतात, तिचंच मोठं रूप म्हणजे हा विषय आहे. पेटी कपाटात धूळ खात पडली असेल तर बाहेर काढा.

माशांचं आणि कोळी-कातकऱ्यांचं

डिंभ्याच्या काठावरच्या आदिवासी बांधवांची जमीन पाण्याखाली गेली. त्यांनी खचून न जाता जलाशयात सहकारी तत्त्वावर मासेमारी उभी केली, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत शेती केली. या कामात त्यांच्याबरोबर असलेल्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. ज्या धरणानं घर नेलं त्याच धरणातून पोट भरायचं, ही साधी गोष्ट नव्हे.

या माणसांना पाण्याच्या थरांची माहिती सगळ्यांत आधी मिळायला हवी. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला. तळाचा प्राणवायू संपला की मृगळाचं कुरण बंद होतं. लिटरला पाच मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर मासा सुखात असतो, दोन-तीनच्या खाली तो गुदमरतो. वळवाचा जोराचा पाऊस, गार वारा किंवा सलग ढगाळ हवा यांनी थर एकाएकी मोडला, तर खालचं प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढू लागतात. शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांनाही हे लागू आहे. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर दिवसा थर पडतो आणि रात्री मोडतो, असंही चालू असतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर खाद्य आणि शेणखत टाकणं ताबडतोब बंद करा आणि पंपानं पाणी उडवून हवा द्या. मासे मेल्यावर 'कोणी विष टाकलं' म्हणून शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी आदल्या रात्रीची हवा आठवून बघा.

लोणारच्या तळ्याला जे मिळालं

२०२० सालच्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं तळं एकाएकी गुलाबी झालं. देशभर बातम्या झाल्या. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत तपासले गेले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि त्यात मिठावर जगणारे, अंगात गुलाबी रंग असलेले सूक्ष्मजीव वाढले होते. ते खाली बसल्यावर पाणी पुन्हा निवळलं. त्याच्या आधीपासूनच पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी लोणारच्या गाळात मिथेनसारख्या संयुगांवर जगणारे जिवाणू शोधून काढले होते. रंग का बदलला याचं उत्तर तपासणीतून मिळालं.

लोणार उल्केच्या आघातानं झालेलं, जगात नाव असलेलं तळं आहे. त्याचा अभ्यास व्हायलाच हवा. पण लोणारचं पाणी कोणी पीत नाही आणि त्यावर कोणाचा कांदा पिकत नाही. आपली धरणं कोणाच्या कौतुकाची नाहीत, ती पोटापाण्याची आहेत. लोणारचा अभ्यास करणाऱ्या संस्था पुण्यात, आपल्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहेत. त्यांना आपण कधी बोलावलं आहे का?

तळ्याच्या तळाकडे दुर्लक्ष झालं तर टोकाला काय घडू शकतं याचं एक उदाहरण आफ्रिकेत आहे. कॅमेरून देशातल्या न्योस तळ्याच्या खालच्या थरात ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं साठत होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकदम उसळून बाहेर आला आणि १,७०० च्या वर माणसं झोपेत गुदमरून मेली. घाबरू नका, आपल्याकडे ज्वालामुखी नाही आणि आपली धरणं दरवर्षी पालटतात, उपसली जातात. तसं इथे होणार नाही. पण त्या तळ्याचंही पाणी वरून शांत आणि निळंच दिसत होतं, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

'कालव्यात सुधारतं की!'

इथे अनुभवी अभियंते एक मुद्दा मांडतील. ते म्हणतील, पाणी दारातून आपटत बाहेर येतं, काही किलोमीटर वाहतं, तेवढ्यात हवा मिसळते, वास उडून जातो, प्राणवायू परत येतो. मग एवढा खटाटोप कशाला? मुद्दा खरा आहे, नाकारण्याचं कारण नाही. सल्फाइडचा वास बहुतेक उडून जातोच. पण लोह उडून जात नाही. ते तांबडा गाळ होऊन कालव्यात, तिथून उपशाच्या विहिरीत आणि शेवटी आपल्या फिल्टरमध्ये येतं. मँगनीज तर विरघळलेल्या रूपात लांबपर्यंत जातं. जी नळयोजना थेट जलाशयातूनच उचलते तिला कालव्याचा फायदा मिळतच नाही. शिवाय पाणी सुधारतं की नाही आणि किती किलोमीटरवर सुधारतं, हे मोजल्याशिवाय कसं सांगणार? सुधारत असेल तर आकडे दाखवा, आम्ही आनंदानं मान्य करू.

दुसरा आक्षेप आपल्यातलेच लोक घेतील. 'इथं टँकरची पाळी येते आणि तुम्ही थर कसले मोजताय?' पण पाणी कमी असतं तेव्हाच हा प्रश्न जास्त टोचतो. धरण उतरत जातं तसतसं आपण तळाच्या पाण्याकडे सरकतो. शेवटच्या आवर्तनातला प्रत्येक लिटर मोलाचा आणि नेमकं तेच पाणी सर्वांत बिघडलेलं असण्याची शक्यता. भांडून मिळवलेलं पाणी तोट्या बुजवत असेल तर त्या भांडणाला काय अर्थ?

मागणी काय आणि खर्च किती?

मागणी मोठी नाही. डिंभे आणि माणिकडोह या दोन खोल धरणांत भिंतीजवळच्या सर्वांत खोल जागी फेब्रुवारी ते जून दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा, दर पाच मीटरला तापमान आणि प्राणवायू मोजावा. तळाच्या आणि कालव्याच्या दाराच्या पातळीवरच्या पाण्यात लोह, मँगनीज आणि सल्फाइड तपासावं. आज पाण्याचा नमुना बहुधा काठावरून, वरच्या फूटभर पाण्यातून घेतला जातो. तो म्हणजे ताकाच्या मडक्यावरचं लोणी चाखून ताकाची परीक्षा करण्यासारखं झालं.

यासाठी परदेशी यंत्र आणायची गरज नाही. प्राणवायू मोजायची विंक्लर पद्धत १८८८ सालची आहे. बाटली, चार रसायनं आणि थोडी सवय एवढंच लागतं. पाणी किती गढूळ हे बघायला १८६५ साली इटलीत सेक्की नावाच्या धर्मगुरू-शास्त्रज्ञानं वापरलेली पांढरी थाळी आजही जगभर वापरतात. दोरीला बांधलेली थाळी पाण्यात सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते मोजायचं. खोलातलं पाणी काढायला वजन लावलेली बाटली आणि तिच्या बुचाला वेगळी दोरी; हव्या त्या खोलीवर बूच ओढलं की तिथलंच पाणी भरतं. बाटली वर आल्याबरोबर तापमान घ्यायचं.

माणसंही आहेत. जुन्नरच्या श्री शिव छत्रपती महाविद्यालयात, मंचरच्या अण्णासाहेब आवटे महाविद्यालयात रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र शिकणारी आपलीच मुलं आहेत. त्यांना प्रकल्प म्हणून कुठलं तरी छापील काम देण्याऐवजी हे द्या. होडी आणि पाण्याची जाण मच्छीमार सोसायटीकडे आहे. त्यांना त्या दिवसाची मजुरी द्या. परवानगी आणि जीवरक्षक जाकिटं जलसंपदा विभागानं द्यावीत. तपासणीला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र ठिबकाच्या बाजूनं सल्ला देऊ शकतं. सगळे आहेत, फक्त एका ठिकाणी बसलेले नाहीत.

ते बसवायचं काम कालवा सल्लागार समितीचं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत 'पाणीसाठा' या ओळीखाली 'पाण्याची प्रत' अशी एक ओळ वाढवा. तळाचं पाणी बिघडलं आहे असं दिसलं, तर आवर्तनाचा मुहूर्त चार दिवस मागेपुढे करता येतो का, एका धरणाचं पाणी आधी आणि दुसऱ्याचं नंतर घेता येतं का, ठिबकवाल्यांना आणि नळयोजनांना आठ दिवस आधी सूचना देता येते का, हे निर्णय तिथेच होऊ शकतात. ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत तसा ठराव घेऊन पाठवला तर समितीला तो सहज बाजूला सारता येणार नाही. ग्रामसभेचा ठराव लिहायला पैसे पडत नाहीत.

आणि आपल्या बाजूनं? धरणाच्या आणि ओढ्याच्या काठाला रान असेल तर खत बेतानं टाकणं, बांधाला गवताची पट्टी राखणं, गावचं सांडपाणी शोषखड्ड्याशिवाय ओढ्यात न सोडणं, एवढं तरी करावंच लागेल. वरून जे जातं तेच तळाला साठतं आणि तेच दारातून आपल्याकडे परत येतं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण आडात जे आहे तेच पोहऱ्यात येणार, हेही तितकंच खरं. आड आपला आहे, पोहरा आपला आहे. एकदा आत वाकून बघायला काय हरकत आहे?